सोपवलेले काम हाच गुन्हा

१९२० सालच्या हिवाळ्यात मॉस्कोत पुरेसे अन्न नव्हते, शेकोटीला लाकूड नव्हते, आणि तरीही एका व्यापाऱ्याच्या जुन्या घरात मार्क शागाल भिंती व्यापणारे कॅनव्हास रंगवत बसला होता. दालन लहान होते, जेमतेम ९० प्रेक्षक मावतील एवढे. नव्या सरकारने ते यिद्दिश नाटक मंडळीला दिले होते. शागालने त्यात ज्यू वस्त्यांचा सगळा संसार उतरवला: लग्नातले वाजंत्री, धर्मग्रंथाची पोथी उतरवून काढणारा लेखनिक, हातांवर उलटे चालणारे कसरतपटू. १ जानेवारी १९२१ रोजी पडदा उघडला आणि यिद्दिश लेखक शोलेम आलेखेमच्या छोट्या नाट्यकृती सादर झाल्या. त्यांत द्विन्स्क गावचा, तिशी गाठलेला एक नट होता. कायद्याचा अभ्यास सोडून तो रंगभूमीवर आला होता. त्याचे खरे आडनाव वोव्सी. जगाने त्याला सोलोमन मिखोएल्स म्हणून ओळखले.

कोकणातल्या बेने इस्राएलांची जशी मराठी, तशी पोलंड, लिथुआनिया, युक्रेन आणि बेलारूसमधल्या ज्यूंची यिद्दिश. जर्मन वळणाची, हिब्रू अक्षरांत लिहिली जाणारी ही भाषा घरात, बाजारात आणि भांडणात वापरायची. झारच्या सरकारने १८८३ मध्ये या भाषेतल्या नाटकांवर बंदी घातली होती. ज्यूंनी कुठे राहायचे याची हद्द आखलेली होती, विद्यापीठांत त्यांच्या जागा मोजक्या होत्या, आणि अधूनमधून जमाव वस्त्यांवर चालून येत असे. अशा माणसांना सरकारी तिजोरीतून नाट्यगृह मिळणे म्हणजे काय, हे आधी लक्षात घ्यायला हवे. ते घेतले नाही तर पुढची सगळी कहाणी भोळ्या कवींच्या फसगतीची वाटू लागते, आणि तशी ती नव्हती.

ज्यू कामगार समाजवादाकडे बोल्शेविकांमुळे वळले नव्हते. १८९७ च्या ऑक्टोबरात विल्नाला ‘बुंड’ या ज्यू कामगार संघटनेची स्थापना झाली, आणि पुढच्याच वर्षी मिन्स्कमध्ये रशियन सामाजिक लोकशाही पक्षाची पहिली परिषद भरली तेव्हा नऊ प्रतिनिधींपैकी तीन बुंडचे होते. बुंडची भूमिका स्पष्ट होती: कामगार म्हणून आम्ही सगळ्यांबरोबर लढू, पण आमची भाषा, आमच्या शाळा, आमची सांस्कृतिक स्वायत्तता आम्हाला हवी. लेनिनला हे मान्य नव्हते. त्याच्या मते ज्यूंनी हळूहळू इतरांत मिसळून जाणे हाच पुढचा मार्ग होता. १९०३ च्या अधिवेशनातून बुंड बाहेर पडला. ज्यूंना माणूस म्हणून सर्व हक्क द्यायचे, पण समाज म्हणून ते राहू इच्छितात हे संशयास्पद मानायचे, ही गाठ तेव्हाच बसली होती. ती पुढे कधी सुटली नाही.

क्रांतीनंतरच्या यादवीत युक्रेनमध्ये ज्यूंच्या भीषण कत्तली झाल्या. मृतांचे अंदाज ५० हजारांपासून लाखाच्या वर जातात. लाल सैन्याच्या काही तुकड्यांचेही हात रक्ताने माखलेले होते, पण त्या धुमाळीत बोल्शेविक सरकारने ज्यूद्वेषाला गुन्हा ठरवले आणि त्यासाठी स्वतःच्या सैनिकांनाही शिक्षा केली. लेनिनने ज्यूद्वेषाविरुद्ध केलेले भाषण १९१९ मध्ये ध्वनिमुद्रित होऊन गावोगाव ऐकवले गेले. यिद्दिश लेखकांची पिढी या अनुभवातून आली होती.

मोबदला मात्र द्यावा लागला. कम्युनिस्ट पक्षाच्या ज्यू विभागाने, म्हणजे ज्यू कार्यकर्त्यांनीच, हिब्रू भाषा प्रतिगामी ठरवली, धार्मिक शाळा बंद पाडल्या, सिनेगॉगांचे क्लब केले. डेव्हिड हॉफश्टाइन या कवीने १९२४ मध्ये हिब्रूच्या गळचेपीविरुद्ध सही केली आणि त्याला इतका त्रास झाला की तो देश सोडून गेला; दोन वर्षांनी परतला. यिद्दिश शिकवणाऱ्या हजारावर शाळा निघाल्या, वर्तमानपत्रे आणि प्रकाशनगृहे निघाली. बेलारूस प्रजासत्ताकाच्या राजमुद्रेवर ‘जगातील कामगारांनो, एक व्हा’ हे वाक्य चार भाषांत कोरले होते, त्यांतली एक यिद्दिश होती. एका राज्याच्या मुद्रेवर यिद्दिश! न्यूयॉर्क, पॅरिस, ब्युनोस आयर्समधल्या ज्यू शिंप्यांनी आणि छपाई कामगारांनी मॉस्कोकडे डोळे लावले ते या असल्या खुणा पाहून. डेव्हिड बर्गेलसनसारखा थोर कादंबरीकार बर्लिनमध्ये बरीच वर्षे काढून १९३४ मध्ये सोव्हिएत देशात परत आला. लेइब क्वित्कोच्या बालकविता रशियन भाषांतरांतून लाखो मुलांच्या ओठी गेल्या. पेरेत्स मार्किशला १९३९ मध्ये ‘ऑर्डर ऑफ लेनिन’ मिळाले.

आणि मिखोएल्सने १९३५ मध्ये ‘किंग लिअर’ केला. विदूषक होता व्हेनियामिन झुस्किन. ठेंगण्या बांध्याच्या, पुढे आलेल्या ओठाच्या या नटाने दाढी न लावता लिअर उभा केला. मॉस्कोला आलेला गॉर्डन क्रेगसारखा चोखंदळ इंग्रज दिग्दर्शक तो पाहून भारावला. यिद्दिश न कळणारे प्रेक्षक पुन्हा पुन्हा येत.

पण नाट्यगृहाबाहेर हवा पालटली होती. १९३७ च्या ऑक्टोबरात मोइशे कुल्बाक आणि इझी खारिक या मिन्स्कच्या कवींना गोळ्या घातल्या गेल्या. त्या वर्षांत सगळ्याच जातीजमातींची माणसे मारली जात होती, त्यामुळे हा ज्यूंवरचा वार आहे असे कोणी म्हणू शकले नाही. बेलारूसच्या राजमुद्रेवरून यिद्दिश गेली. शाळा एकामागून एक बंद पडल्या.

मग हिटलर चालून आला. २४ ऑगस्ट १९४१ रोजी मॉस्को रेडिओवरून मिखोएल्स, बर्गेलसन, मार्किश आणि इतर अनेकजण बोलले. त्यांनी जगभरच्या ज्यूंना ‘बंधूंनो’ अशी हाक मारली. जगातले सगळे ज्यू एक समाज आहेत असे म्हणणे काल गुन्हा होता. आज सरकारच ते म्हणायला सांगत होते, कारण अमेरिकेची मदत हवी होती. याच सुमारास पोलंडमधल्या बुंडचे दोन नेते, हेन्रिक एर्लिख आणि व्हिक्टर आल्टर, सोव्हिएत तुरुंगातून सुटले आणि त्यांनी हिटलरविरोधी ज्यू समितीची योजना मांडली. योजना सरकारने ठेवून घेतली, माणसे डिसेंबरात पुन्हा पकडली. एर्लिखने १९४२ मध्ये कोठडीत गळफास घेतला, आल्टरला १९४३ मध्ये गोळी घातली. समाजवादी ज्यूंना समाजवादी राज्याने मारल्याची ही बातमी पाश्चात्त्य कामगार चळवळीत पोहोचली तेव्हा अनेकांनी ती युद्धाच्या गडबडीत बाजूला ठेवली.

१९४२ मध्ये ‘ज्यू फॅसिझमविरोधी समिती’ उभी राहिली. स्त्रिया, तरुण, शास्त्रज्ञ, स्लाव्ह आणि ज्यू अशा पाच समित्या होत्या, त्यांतली ही एक. मिखोएल्स अध्यक्ष. वर सोलोमन लोझोव्स्की हा जुना बोल्शेविक, परराष्ट्र खात्यातला उपमंत्री आणि सरकारी माहिती कार्यालयाचा दुसऱ्या क्रमांकाचा अधिकारी. ‘एनिकाइट’ म्हणजे ‘ऐक्य’ नावाचे यिद्दिश वर्तमानपत्र निघू लागले. १९४३ मध्ये मिखोएल्स आणि कवी इत्सिक फेफर अमेरिका, कॅनडा, मेक्सिको आणि ब्रिटनच्या दौऱ्यावर गेले. ८ जुलैला न्यूयॉर्कच्या पोलो ग्राउंड्सवर सुमारे ५० हजार माणसे त्यांना ऐकायला जमली. ते आइन्स्टाइनला भेटले, कृष्णवर्णीय अमेरिकी गायक पॉल रोबसन त्यांच्या सभांना आला. फेफर प्रत्येक भेटीचा अहवाल गुप्त पोलिसांना देत होता.

त्या दिवसांत सोव्हिएत सैन्याविषयी वाटणारा आदर जगभर होता. मुंबईच्या कामगार वस्त्यांत अण्णा भाऊ साठे डफावर ‘स्टालिनग्राडचा पवाडा’ गात होते. तो आदर खरा होता आणि त्या सैन्याने तो रक्त सांडून मिळवला होता. त्यात सुमारे पाच लाख ज्यू सैनिक लढले. म्हणूनच पुढे घडलेले पाहून मन जास्त तुटते.

युद्ध मागे सरकत गेले तसतसे गावांच्या कडेचे खड्डे उघडे पडू लागले. सोव्हिएत भूमीवर वीस लाखांहून अधिक ज्यू मारले गेले होते. लेखक वासिली ग्रोसमनची आई बेर्दिचेव्ह गावात सप्टेंबर १९४१ मध्ये मारली गेली होती. त्याने आणि इल्या एरेनबुर्गने समितीच्या वतीने साक्षी, पत्रे, डायऱ्या गोळा करून ‘काळे पुस्तक’ तयार केले. सरकारचा आक्षेप असा की नाझींनी सोव्हिएत नागरिकांना मारले, त्यातून ज्यूंना वेगळे काढायचे कारण काय? जुळवलेल्या मजकुराची छपाई १९४७ मध्ये थांबवली आणि पुढच्या वर्षी छपाईचे खिळे मोडून टाकले. ज्या लोकांना ज्यू म्हणून निवडून मारले, त्यांना ज्यू म्हणून आठवायचे नाही असा हा निर्णय होता. मला या साऱ्या प्रकरणात इतर कुठल्याही हुकुमापेक्षा हा निर्णय अधिक क्रूर वाटतो, कारण त्यामागे समतेचे तत्त्वज्ञान उभे केले गेले होते.

बेघर झालेले, परत आले तर शेजाऱ्यांनी घर बळकावलेले, असे ज्यू समितीच्या कचेरीत येत. मिखोएल्स त्यांच्यासाठी अर्ज लिही. फेब्रुवारी १९४४ मध्ये समितीने स्टालिनकडे एक निवेदन पाठवले, क्रिमियात ज्यू प्रजासत्ताक स्थापावे असे सुचवणारे. त्याचा मसुदा वरिष्ठांच्या कानावर घालूनच केला होता. उत्तर आले नाही. कागद मात्र जपून ठेवला गेला.

जानेवारी १९४८ मध्ये मिखोएल्सला स्टालिन पारितोषिकासाठी एक नाटक पाहायला मिन्स्कला पाठवले. १२ तारखेच्या रात्री त्याला आणि सोबतच्या समीक्षकाला बेलारूसचा सुरक्षामंत्री त्सानावा याच्या बंगल्यावर नेऊन ठार केले, अंगावरून मालमोटार घातली आणि प्रेते शहरातल्या एका निर्जन रस्त्यावर टाकली. अपघाती मृत्यू म्हणून जाहीर झाले. मॉस्कोत सरकारी इतमामाने अंत्यविधी झाला, थंडीत हजारो लोक रांगेत उभे राहिले. मार्किशने लिहिलेल्या शोकगीतात मिखोएल्सला साठ लाख बळींच्या पंक्तीत बसवले होते. ज्याला कळायचे त्याला कळले.

त्याच वर्षी सोव्हिएत संघाने इस्राएलला मान्यता दिली, शस्त्रेही चेकोस्लोव्हाकियामार्गे जाऊ दिली. परराष्ट्र धोरणात ते सोयीचे होते. पण सप्टेंबरात इस्राएलची दूत गोल्डा मेयरसन, पुढची गोल्डा मेयर, मॉस्कोला आली आणि ज्यू नववर्षाच्या दिवशी सिनेगॉगपुढचा रस्ता हजारोंच्या गर्दीने भरून गेला. एवढी माणसे सरकारने न बोलावता एकत्र येतात, हेच सरकारला सहन होण्यासारखे नव्हते. २० नोव्हेंबरला समिती बरखास्त केली. ‘एनिकाइट’ बंद, यिद्दिश प्रकाशनगृह बंद. डिसेंबर आणि जानेवारीत अटका झाल्या. झुस्किनला निद्रानाशावर औषध देऊन इस्पितळात झोपवले होते. तशा झोपेत त्याला उचलले आणि तो जागा झाला तेव्हा तुरुंगात होता. २८ जानेवारी १९४९ च्या ‘प्राव्दा’ने ‘देशभक्तीशून्य’ नाट्यसमीक्षकांवर अग्रलेख लिहिला. नावे बहुतेक ज्यू होती. वर्षअखेर मिखोएल्सचे नाट्यगृहही बंद झाले.

इथे सरकारने एकदाही ‘ज्यू’ या शब्दाला शिवी दिली नाही, हे नीट पाहावे. आरोप होते ‘मुळे नसलेले विश्वनागरिक’, ‘बूर्ज्वा राष्ट्रवादी’. एकाच माणसाला देशाविषयी आपुलकी नाही आणि स्वतःच्या समाजाविषयी जास्तच आहे, असे दोन्ही आरोप एकदम लावले गेले. झारच्या काळातला द्वेष पुजाऱ्यांची भाषा बोलत असे. हा द्वेष डाव्यांच्याच शब्दांत बोलत होता, आणि म्हणून प्रामाणिक डाव्या माणसालाही तो ओळखायला वेळ लागला. काहींनी ओळखूनही तोंड फिरवले.

खटला उभा राहायला तीन वर्षांवर गेली. ८ मे १९५२ ला लष्करी न्यायमंडळापुढे बंद दाराआड सुरू झाला आणि १८ जुलैपर्यंत चालला. सरकारी वकील नाही, बचावाचा वकील नाही, प्रेक्षक नाहीत. १५ आरोपी, पाच साहित्यिक: बर्गेलसन, मार्किश, क्वित्को, हॉफश्टाइन, फेफर. नट झुस्किन. लोझोव्स्की. बोत्किन इस्पितळाचे प्रमुख डॉक्टर बोरिस शिमेलिओविच. शरीरशास्त्रज्ञ लिना श्टर्न, सोव्हिएत विज्ञान अकादमीची पहिली स्त्री सदस्य. मेंदू आणि रक्त यांमधल्या संरक्षक अडसरावरचे तिचे संशोधन जगभर माहीत होते. बाकीचे अनुवादक, संपादक, कर्मचारी.

आरोपपत्रात काय होते? अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांना लेख पाठवले, म्हणजे हेरगिरी. ते पाठवायलाच तर समिती काढली होती. अमेरिकेहून आलेल्या पत्रकारांना माहिती दिली. ते पत्रकार कोण? शोलेम आलेखेमचा जावई बी. झेड. गोल्डबर्ग, सोव्हिएत संघाचा जाहीर मित्र. आणि पॉल नोविक, न्यूयॉर्कच्या कम्युनिस्ट यिद्दिश दैनिकाचा संपादक. दोघेही अमेरिकी हेर ठरवले गेले. क्रिमियाचे निवेदन म्हणजे तो प्रदेश तोडून अमेरिकेला तळ म्हणून द्यायचा कट. ‘काळे पुस्तक’ म्हणजे राष्ट्रवाद. यिद्दिश शाळांची मागणी म्हणजे राष्ट्रवाद.

मारहाणीने कबुलीजबाब मिळवलेले होते. एकट्या शिमेलिओविचने शेवटपर्यंत काही कबूल केले नाही; त्याला चौकशीला स्ट्रेचरवरून नेत असत. पण न्यायालयात एकेकजण उभा राहून बोलू लागला आणि खटला विस्कटू लागला. बर्गेलसनने न्यायाधीशांना आपल्या धार्मिक बालपणाविषयी सांगितले. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा दिवस उपवासाने पाळणाऱ्या घरातून आपण आलो, हेही. तो ते आपल्यातल्या राष्ट्रवादाचा उगम म्हणून सांगत होता. आज ती साक्ष वाचताना एका लेखकाला स्वतःचे बालपण गुन्हा म्हणून मांडावे लागले, एवढेच दिसते. लोझोव्स्की चौऱ्याहत्तर वर्षांचा होता. त्याने आरोपपत्राचा एकेक मुद्दा घेऊन दाखवले की प्रत्येक निर्णयाची माहिती पक्षाच्या मध्यवर्ती समितीला होती, आणि जी गुपिते फोडल्याचा आरोप आहे ती आधीच छापून आलेली होती. लिना श्टर्नने दबावाखाली दिलेला जबाब फिरवला. फेफर सुरुवातीला सरकारच्या बाजूने साक्ष देत होता. पुढे त्यानेही गुप्त सत्रात सांगितले की आपण पोलिसांचे खबरी होतो आणि जबाब त्यांच्या दडपणाखाली दिला.

न्यायमंडळाचा अध्यक्ष लेफ्टनंट जनरल अलेक्सांद्र चेप्त्सोव याने याआधी अनेकांना मृत्युदंड दिले होते. पण हा खटला टिकत नाही हे त्याला दिसले. त्याने कामकाज थांबवून फेरतपासाची मागणी वर नेली, पक्षनेता मालेन्कोव याच्यापर्यंत गेला. पॉलिटब्युरोने निर्णय घेतलेला आहे, तो अमलात आणा, असे त्याला सांगण्यात आले. त्याने आणला. १२ ऑगस्ट १९५२ रोजी तेरा जणांना गोळ्या घातल्या. बर्गेलसन त्या दिवशी ६८ वर्षांचा झाला होता. श्टर्नला हद्दपारी मिळाली. पंधरावा आरोपी ब्रेगमन खटल्यात कोसळला आणि काही महिन्यांनी तुरुंगात मेला. कुटुंबीयांना काहीच कळवले नाही. उलट पुढच्या हिवाळ्यात त्यांनाही हद्दपार केले.

बाहेरच्या जगाला काय माहीत होते? रोबसन १९४९ च्या जूनमध्ये मॉस्कोला गेला आणि फेफरला भेटायचा आग्रह धरला. त्याच्या मुलाने पुढे सांगितल्याप्रमाणे, तुरुंगातून नीट कपडे घालून आणलेल्या फेफरने हॉटेलच्या खोलीत खुणांनी आणि चिठ्ठ्यांनी सगळे कळवले. मिखोएल्सचा खून झाला हेही. रोबसनने आपल्या कार्यक्रमात मिखोएल्सचे नाव घेतले आणि वॉर्सा घेट्टोच्या उठावासाठी एक यिद्दिश गाणे गायले. सभागृह गहिवरले. पण अमेरिकेत परतल्यावर त्याने सोव्हिएत संघातल्या ज्यूद्वेषाच्या बातम्या नाकारल्या. स्वतःच्या देशात वर्णद्वेषाशी झुंजणारा, चहूकडून घेरलेला माणूस होता तो. आपल्या शत्रूंच्या हाती शस्त्र द्यायचे नाही, असे त्याने ठरवले. मला त्याचे मोठेपण मान्य आहे आणि हे मौन मान्य नाही. नोविकच्या दैनिकानेही लेखकांविषयीच्या शंका शत्रूचा प्रचार म्हणून झटकल्या. ज्या काळात ते झटकत होते, त्याच काळात मॉस्कोच्या कागदांत नोविक स्वतः हेर म्हणून नोंदला गेला होता.

१९५२ च्या अखेरीस प्रागमध्ये रुडॉल्फ स्लान्स्कीसह चौदा कम्युनिस्ट नेत्यांवर खटला चालला. अकरा जण ज्यू वंशाचे होते आणि ते तसे असल्याचे आरोपपत्रातच लिहिले होते. १३ जानेवारी १९५३ ला ‘प्राव्दा’ने विष देणाऱ्या डॉक्टरांचा कट जाहीर केला. त्यात मिखोएल्सचा चुलतभाऊ मिरोन वोव्सी होता, आणि इतमामाने पुरलेला मिखोएल्स आता कुप्रसिद्ध राष्ट्रवादी ठरला. ५ मार्चला स्टालिन मेला. एप्रिलच्या आरंभी गृहमंत्री बेरियाने मिखोएल्सचा खून कोणी, कोणाच्या हुकुमाने केला हे सहकाऱ्यांना लेखी कळवले, आणि डॉक्टर सुटले.

तेरा जणांवरचे आरोप नोव्हेंबर १९५५ मध्ये रद्द झाले, पण जाहीर काहीच केले नाही. ४ एप्रिल १९५६ ला वॉर्साच्या ‘फोक्सश्टिमे’ या कम्युनिस्ट यिद्दिश वर्तमानपत्राने लेखकांची हत्या झाल्याचे छापले. आता शत्रूचा प्रचार म्हणायची सोय उरली नाही. न्यूयॉर्क, टोरांटो, पॅरिसमधल्या ज्यू कामगारांच्या क्लबांत माणसे एकमेकांवर ओरडली, रडली, पक्षाची ओळखपत्रे परत केली.

टोरांटोच्या जे. बी. साल्सबर्गने या शंका आधीपासून बोलून दाखवल्या होत्या आणि त्यासाठी पक्षाची नाराजी सोसली होती. हा कामगार नेता बारा वर्षे ओंटॅरिओच्या विधिमंडळात कम्युनिस्ट सदस्य होता. ऑगस्ट १९५६ मध्ये तो कॅनेडियन पक्षाच्या शिष्टमंडळाबरोबर मॉस्कोला जाऊन ख्रुश्चेव्हला भेटला. यिद्दिश शाळा, नाट्यगृहे, मारले गेलेले लेखक यांविषयी त्याने थेट विचारले. उत्तरात ख्रुश्चेव्हने ज्यूंच्या स्वभावाविषयी जे काही सांगितले, ते कुठल्याही जुन्या गावंढळ ज्यूद्वेष्ट्याच्या तोंडी शोभले असते. स्टालिनचे गुन्हे उघड करणारा माणूस हे बोलत होता. साल्सबर्गने परत येऊन ती मुलाखत स्वतःच्या नावानिशी छापली, आणि १९५७ मध्ये पक्ष सोडला.